चपला घालतानाचं कौतुक

मराठवाड्यातल्या संगीत-समीक्षेचं एक पर्व माझ्या हातून संपलं. पर्व सहा वर्षांचं होतं, त्यात समीक्षक एकच होते, आणि समीक्षा मंगळवारी पान पाचवर खालच्या अंगाला, जाहिरात आली नाही तर, छापली जायची. तरी संपलं ते संपलंच, आणि संपवलं ते मी.

संभाजीनगरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेत बसवणारा माणूस. कापड कमी पडलं तर शिंपी निदान गिऱ्हाइकाला विचारतो. आम्ही कापून मोकळे होत असू.

आमच्या या एकुलत्या एका समीक्षकांना सगळे मास्तर म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरीभर गणित शिकवलं, कारण संगीताचं पद तिथे नव्हतं. सूर त्यांनी मधल्या सुट्टीत शिकवले. निवृत्तीनंतर सिडकोत दोन खोल्या भाड्याने घेऊन ते पेटीचा क्लास चालवत आणि बिघडलेल्या पेट्या दुरुस्त करत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक बारीक कानस असायची. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या त्या कानशीने घासून ते सूर जुळवायचे. घासण्याचा आवाज अंगावर काटा आणणारा होता. मास्तरांना तो ऐकू येत नसे. त्यांना फक्त सूर ऐकू येई.

ऐकू येण्याचं त्यांचं प्रकरणच वेगळं होतं. एकदा जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना ते म्हणाले, "तुमच्या दारावरची घंटी उतरलीय जरा. सेल बदला." शेजाऱ्यांना राग आला, घंटी चांगली वाजत होती. चार दिवसांनी ती बंद पडली. तेव्हापासून ते शेजारी मिक्सर आणि पंखेही मास्तरांना ऐकवायला आणू लागले.

मास्तरांचे वडील मेंढरं राखायचे, पिशोरच्या बाजूला. हे कळल्यावर आमच्या एका वार्ताहराने त्यांच्यावर लेख करायला घेतला होता: मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांनी या माणसाचा कान घडवला, वगैरे. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मेंढराची घंटी बेसूर असती. मुद्दाम बेसूर ठेवत्यात, म्हंजी लांबून वळखू येती. मी सूर शिकलो ते त्या घंट्यांपासून लांब पळून." लेख रद्द झाला.

मास्तरांना कार्यक्रमाला पाठवण्यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे ते स्टेजकडे पाठ करून बसायचे. "डोळे मधी मधी बोलत्यात," ते म्हणत, "कानाला काम करू देत नाय." नाट्यगृहात त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसाला दोन तास मास्तरांचा चेहरा समोर घेऊन बसावं लागे. एका बाईंनी तक्रार केली की हे गृहस्थ माझ्याकडे बघून माना हलवतात. तेव्हापासून आयोजक त्यांची खुर्ची शेवटच्या भिंतीला लावत, तोंड भिंतीकडे.

दुसरी अडचण कागदाची. कोरा कागद ते वापरत नसत. जुने विद्यार्थी आपापल्या लग्नांच्या पत्रिका आणून देत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते पेन्सिलीने परीक्षण लिहीत. एकदा टाइप करणाऱ्याने पत्रिका दोन्ही बाजूंनी टाइप केली, आणि एका मोठ्या गायिकेच्या मैफलीच्या परीक्षणाखाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असं छापून आलं. एकाही वाचकाचा फोन आला नाही. पान पाचच्या वाचकवर्गाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

मास्तरांचाही फोन आला नाही, कारण छापलेलं ते वाचत नसत. "वाजवलेला सूर मागं जाऊन ऐकायचा नसतो," असं म्हणायचे. मला ही विरक्ती वाटायची आणि मी ती चारचौघांत सांगायचोही. पुढे कळलं की ते पेपर घेतच नाहीत.

आता त्यांच्या दारातली गोष्ट. क्लासला अकरा विद्यार्थी होते. तासभर मास्तर फक्त चुका सांगायचे. बोट चुकलं, भाता ओढताना श्वास चुकला, बसणं चुकलं. कौतुकाचा एक शब्द नाही. तास संपला, मुलगा दारात जाऊन चपला घालायला वाकला, की आतून आवाज यायचा: "मघाचा गंधार चांगला लागला." बस्स, एवढंच. म्हणून त्यांच्या दारात मुलं सँडलचे पट्टे पुन्हा पुन्हा लावत बसलेली दिसत. नवा पालक आला की त्याला वाटे, आपल्या पोराला पट्टाही लावता येत नाही.

मी एकदा कारण विचारलं होतं. "आधी शाबासकी दिली की पोरगं पुढचं ऐकत नाय," ते म्हणाले. "जाताना द्यायची. मंग रस्त्यानं ती त्याच्यासंगं जाती."

चाळिशीत मला रक्तदाबावर उपाय म्हणून कुणीतरी पेटी सुचवली, तेव्हा दोन वर्षं मीही त्या क्लासला जात होतो. दोन वर्षांत मला कौतुक एकदाच मिळालं. मी बुटाची नाडी बांधत होतो आणि ते म्हणाले, "आज वेळेवर आलात."

परीक्षणंही ते तशीच लिहीत. आधी सगळ्या चुका, आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात, वाचक जणू दाराबाहेर पडताना, कौतुक. वर्तमानपत्राची रीत नेमकी उलटी. बातमीत महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की हात खालून चालवायचा. मास्तरांच्या परीक्षणाला हा नियम लावला की गळा कापला जाणार, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. सहा वर्षं मी त्यांचा मजकूर मधून कापत आलो. शेवटाला हात लावला नाही. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या गायकाचं नाव इथे घेत नाही. तुमच्या गल्लीतल्या रिक्षात, हळदीच्या डीजेवर आणि दर तिसऱ्या फोनमध्ये तो त्या वर्षी होताच. आपल्याच भागातला, गरिबीतून आलेला, चोविशीचा मुलगा. त्याच्याहून वयाने मोठे बाप्येही त्याला दादा म्हणत. त्याचा कार्यक्रम मोठ्या मैदानावर झाला. मैदानाला भिंत नसल्यामुळे मास्तरांनी आपली खुर्ची पाण्याच्या टँकरकडे तोंड करून मांडली आणि अडीच तास टँकर ऐकावा तसे बसून राहिले.

सोमवारी दोन लग्नपत्रिका माझ्या टेबलावर आल्या. मास्तरांनी लिहिलं होतं:

"सलग चार ओळी आणि मध्ये श्वास नाही. श्वास न घेता माणूस गात नाही. गायकाने गाणं घरूनच गाऊन आणलं होतं, इथे ते फक्त उभं केलं. वादक सहा होते असं ऐकतो, ऐकू आले दोन. उरलेल्या चौघांना कशासाठी आणलं होतं, हे आयोजकांनी त्यांना तरी सांगावं. नाच जोरदार असावा. जमीन टँकरपर्यंत हलत होती."

असं बरंच. आणि मग शेवटचा परिच्छेद:

"साडेनवाच्या सुमारास यंत्र अडलं. चार मिनिटं मैदानावर दुसरं काही नव्हतं, एकटा तो होता. मघाचंच गाणं त्याने दोन सूर खाली उतरवून घेतलं. श्वास ऐकू येऊ लागला. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, तो त्याने लपवला नाही. या शहरात इतकी वर्षं कार्यक्रम ऐकतो आहे. खुर्ची वळवून स्टेजकडे तोंड करून बसलो तो याच चार मिनिटांपुरता. हा मुलगा गाऊ शकतो. म्हणूनच वरचं सगळं लिहिलं. ज्याला गाता येत नाही त्याच्यावर मी एवढा कागद घालवला नसता."

मी तो वाचला. चांगला आहे, असंही मनात म्हटलं. संध्याकाळी सहा वाजता एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आली, पान पाच आखडलं, आणि मी शेवटचा परिच्छेद काढला. वर मथळा दिला: 'गायक आला, गाणं घरीच राहिलं'. मथळ्यावर मी खूश होतो. घरी जाताना गाडीवर मी तो मनातल्या मनात दोनदा म्हटला.

मंगळवारी दुपारपर्यंत पान पाचचा फोटो गावभर झाला. पान पाचला असा मान याआधी मिळाला नव्हता. सोबत मास्तरांचाही एक फोटो होता, मैदानावरचा: हजारो माणसं एकीकडे तोंड करून उड्या मारताहेत आणि त्यांच्यात एक म्हातारा टँकरकडे बघतोय. त्यांनी खुर्ची वळवली त्या चार मिनिटांचा फोटो कुणी काढला नव्हता. तेव्हा सगळे स्टेजकडे बघत असणार. फोटोखाली शेरे येऊ लागले:

"काका, टँकरचं परीक्षण कधी येणार?"

"आजोबा, कानात तेल घाला."

"आधी स्टेजवर चढून दाखवा. निदान जिना तरी चढा."

"पेटीवाल्यानं पेटी बघावी. दादाच्या नादी लागू नाय."

हे सगळं मी वाचत होतो, म्हणजे कामाचा भाग म्हणून वाचत होतो. एकाने मात्र वेगळं लिहिलं होतं: "रात्रपाळीला दादाचं गाणं कानात नसतं तर झोपेत मशीनमधी हात गेला असता माझा. तुमच्या रागांनी आजपर्यंत कोणाला जागं ठेवलंय का?"  याला उत्तर मास्तरांना सुचलं असतं, पण त्यांच्याकडे तसला फोन नव्हता.

मग टपालाने कान साफ करायच्या काड्यांची खोकी येऊ लागली. चौदा खोकी आली. ही चेष्टा आहे हे मास्तरांना कळलं, पण वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पेटीच्या पट्ट्यांमधली धूळ काढायला या काड्या फार उत्तम, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. "आपल्याला आधी कसं सुचलं नाय?" म्हणाले.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. नंतर अकरातल्या चार मुलांचे पालक येऊन सांगून गेले की सध्या अभ्यास फार आहे. एका कॉलेजच्या स्पर्धेला ते दर वर्षी परीक्षक असत. तिथून "तांत्रिक कारणाने" हा शब्द आला. आमचे संपादक खुशीत होते. "समीक्षा अशी हवी," मला म्हणाले, "परखड! वाचकांची पत्रं लावा, दोन्ही बाजूंची." दोन्ही बाजू नव्हत्या. एका बाजूची मी लावली.

चार दिवस मी रोज ठरवत होतो की उद्या तो परिच्छेद छापायचा, वर दोन ओळींचा खुलासा: 'जागेअभावी राहून गेलेला मजकूर'. पण खुलासा म्हटला की कुणी कापलं हे आलं. ते संपादकांना सांगायचं, मग मथळ्याची वाहवा परत करायची. पाचव्या दिवशी मी निदान मास्तरांना तरी सांगावं म्हणून दुपारी त्यांच्या घरी गेलो. वाक्य तयार होतं: "मास्तर, एक चूक झाली आहे." ते पट्टी घासत बसले होते. मी बूट काढून बसलो, त्यांनी चहा टाकला, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात खाली मोटारसायकली थांबल्या.

सहा पोरं वर आली. अंगात कंपनीचे निळे शर्ट. वाळूजची पहिली पाळी सुटल्यावर थेट आलेली. पुढचा उंच होता, त्याच्या हातात फोन होता.

"मास्तर कोण?"

"मी. चपला भाईर."

सहाही जण मागे गेले, बूट काढले आणि पुन्हा आत आले. पहिल्या आवेशातला अर्धा तिथेच राहिला.

"दादाबद्दल लिव्हलं ते मागं घ्यायचं," उंच म्हणाला.

"बसा आधी. पाणी घ्या. कुठल्या कंपनीत?"

"कंपनीचं सोडा तुम्ही."

"गिअर बनवितो आम्ही," मागचा एक जण म्हणाला.

"ए बाळ्या, तू गप रे."

मास्तर बाळ्याकडे वळले. "मशीन बिघडायला लागली तर आधी काय व्हतं? दिसतं का ऐकू येतं?"

"आवाज बदलतो," बाळ्या म्हणाला. दुसऱ्या एकाने मान हलवली. "व्हय, आवाजावरून आधी कळतं. दिसतं लई उशिरा."

"मंग सायबाला जाऊन सांगता का, मशीन लई गोड चाललीय म्हणून?"

कुणीतरी हसलं. उंच पोराला ते लागलं. "काका, दादा म्हंजी मशीन नाय."

"मी बी तेच लिव्हलंय," मास्तर म्हणाले.

उंच पोराने फोन खाली केला. मला वाटलं, निभावलं. मग मास्तरांनी सहज, गणिताचं उत्तर ताडून बघावं तसं विचारलं, "पूर्ण वाचलं ना तुम्ही?"

"व्हय. शब्दन् शब्द."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंय. हे काय, बघा ना." त्याने फोन पुढे केला.

"मी छापलेलं वाचत नाय," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गोंधळलेला दिसला. शेवट वाचून ही पोरं इथे कशी आली, याचा मेळ त्यांना लागेना. ते माझ्याकडे वळले.

"साहेब, तुम्ही सगळं छापलं ना? शेवटपर्यंत?"

सहा पोरं माझ्याकडे बघत होती. "हे पेपरातले का?" उंच म्हणाला. माझ्या हातात कप होता. खरं सांगितलं असतं तर पोरं माझ्यावर उलटली असती हे एक, पण भीती त्याची नव्हती. मला ते ऑफिस दिसलं, संपादक दिसले, मथळा दिसला.

"हो," मी म्हणालो. "जसंच्या तसं."

चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता, तेवढं लक्षात आहे.

मास्तरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "शेवटपर्यंत वाचून बी तुम्हाला राग आला असंल, तर चूक माझी हाय. मला जे म्हणायचं व्हतं ते म्हणता आलं नाय."

"हे व्हिडिओत म्हणा," उंच म्हणाला.

"म्हणतो की."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "कुठं बघू?" विचारलं. "इकडं, फोनकडं." आणि जन्मभर स्टेजकडे पाठ करून बसलेला तो माणूस त्या फोनकडे सरळ बघत, एकही शब्द न चुकता, तेच वाक्य पुन्हा म्हणाला. शेवटी हात जोडले. हात जोडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोरं जायला निघाली. दारात बूट घालायला वाकली तेव्हा आतून सवयीने आवाज गेला: "आठ घंटे उभं राहून परत एका माणसासाठी इतक्या लांब आलात. चांगली गोष्ट हाय." बाळ्याचा चेहरा लाल झाला. उंच पोराने नमस्कार केला.

मग मी निघालो. नाडी बांधायला मी हवा त्यापेक्षा जास्त वेळ लावला. एक सोडून पुन्हा बांधली. आतून कानशीचा आवाज येत राहिला.

व्हिडिओ उंच पोराने दादाच्या चाहत्यांच्या पेजवर टाकला आणि आमच्या पेपरालाही पाठवला, माझ्याच नंबरवर. 'अखेर समीक्षक नमले' हा मथळा माझा. या वेळी पान एक.

पुढच्या सोमवारी पत्रिका आली नाही. मी फोन केला. "मला लिव्हता येत नाय साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "शेवट बी लोकांना कळंना, त्याला काय लिव्हणं म्हणत्यात?" तेव्हाही मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, तब्येतीला जपा.

सहा महिन्यांत क्लासला तीन मुलं उरली. मास्तर खोल्या सोडून फुलंब्रीला पुतण्याकडे राहायला गेले आणि आसपासच्या गावांच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करू लागले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. रस्ता फार लांबचा नाही. रोज शेकडो माणसं ये-जा करतात.

दीड वर्षाने आमच्या दैनिकाचा वर्धापनदिन आला. संपादकांना एका निर्भीड समीक्षकाचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ, लेखणीच्या आकाराचं स्मृतिचिन्ह आणि मानपत्र. मानपत्र मी लिहायचं होतं. मी लिहिलं. 'सत्याची कास', 'तळपती लेखणी', सगळं घातलं. ते वाचून दाखवायला आणि निमंत्रण द्यायला मला फुलंब्रीला पाठवलं.

मास्तर अंगणात एक उघडी पेटी घेऊन बसले होते. वाळले होते. मी मानपत्र वाचत असताना ते माझ्याकडे पाठ करून बसले, हे मी शुभलक्षण मानलं. संपल्यावर म्हणाले, "श्वास कुठं घेतला नाय तुम्ही." मग म्हणाले, "शाल नको साहेब. ज्याला लिव्हता येत नाय त्याला लेखणीची शाल कशाला?"

ते खिन्नपणे म्हणाले असते तर मी पुन्हा गप्प बसलो असतो. पण ते साधी वस्तुस्थिती सांगावी तसं म्हणाले, पेटीतून मान वर न करता. दीड वर्ष हा माणूस हे खरं मानून जगत होता. शेवटचा परिच्छेद होता ती लग्नपत्रिका मी मानपत्राच्या पाकिटातून काढली. ऑफिसच्या खणातून निघताना घेतली होती, का घेतली ते तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं.

"मास्तर, हा परिच्छेद छापला नव्हता."

त्यांनी चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं. पूर्ण वाचलं. "हे नव्हतंच?"

"नाही. जाहिरात आली होती. अकरा ओळी काढाव्या लागल्या."

मास्तर गणिताचे. "जाहिरातीला अकराच लागत व्हत्या?"

कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे बघून मी उत्तर दिलं. "सहा."

"मंग पाच?"

ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "शेवट ठेवला असता तर परीक्षण बोथट झालं असतं, असं वाटलं. मथळा बसला नसता."

ते चिडतील म्हणून मी थांबलो होतो. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते समाधान होतं. "म्हंजी पोरांनी शेवट वाचलाच नव्हता," ते म्हणाले. "मला लिव्हता येतं."

"मी खुलासा छापतो मास्तर. उद्याच."

"नको. परत कापाल." हे त्यांनी हसून म्हटलं. "त्या उंच पोराचा नंबर हाय का? त्याला वाचून दाखवितो."

नंबर होता. मी फोन लावून स्पीकरवर टाकला. पोराने पहिल्याच रिंगला उचलला, आणि मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं.

"हां सर! पेटीवाले सर ना? बोला की. तब्येत बरी ना?"

"बरी हाय. माझ्या त्या लिव्हण्याचा एक तुकडा राहिला व्हता. वाचू का?"

"वाचा ना सर."

मास्तरांनी वाचला. ओवी म्हणावी तसे, श्वास घेत, थांबत. 

"ते माहितीय सर," पोरगा म्हणाला. "आम्ही पुढंच उभे व्हतो ना. ती चार मिनिटं लई भारी झाली. बाळ्या तर रडला. बाकीचं बी खरंच लिव्हलं व्हतं तुम्ही, कळत व्हतं की आम्हाला."

"मंग माझ्याकडं आलात कशाला?"

"ग्रुपवर ठरलं व्हतं सर."

मास्तरांनी मान हलवली, जणू हे उत्तर चूक असलं तरी रीत बरोबर आहे.

"सॉरी सर," पोरगा म्हणाला. "मी आता दादाला ऐकत बी नाय. तो व्हिडिओ काढून टाकतो आजच. घरी गेलो की पहिलं ते काम."

मास्तर म्हणाले, काढ बाळ, आणि फोन माझ्या हातात दिला. ते पुन्हा पेटीवर वाकले. मी बूट घातले. या वेळी वेळ लावला नाही, कारण काही मिळण्यासारखं मी केलं नव्हतं. मानपत्र आम्ही नाव बदलून दुसऱ्या एका गृहस्थांना दिलं; मजकुरात काही फरक करावा लागला नाही.

गाडी चालवताना मला एवढंच वाटत होतं, की माझ्याकडून नाही, पण त्या पोराकडून तरी उशिरा का होईना न्याय झाला. ते जोडलेले हात आज संध्याकाळपर्यंत पुसले जातील.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. त्या पेजचा पासवर्ड पोराला आठवत नाही.